डेस्कटॉप गेला, तरी काम जागेवर असतं

प्रश्न : मी घरी टायपिंगची कामं घेते. परवा वर्डमध्ये लिहिताना खालची पट्टी आणि सगळे आयकॉन गायब झाले. घाबरून बटण दाबून कॉम्प्युटर बंद केला आणि शेवटचा पानभर मजकूर गेला. ऑटोरिकव्हर चालू असूनही असं का झालं?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, पट्टी आणि आयकॉन दाखवतो तो विंडोज एक्सप्लोरर. तो बंद पडला म्हणून वर्ड बंद पडत नाही. तुमचा मजकूर बहुधा तेव्हा शाबूत होता. तो गेला बटण दाबल्यामुळे.

पुन्हा असं झालं तर आधी ऑल्ट-टॅब दाबून वर्डवर या आणि कंट्रोल-एस करा. मग कंट्रोल-शिफ्ट-एस्केपने टास्क मॅनेजर उघडा, यादीतल्या विंडोज एक्सप्लोररवर राइट क्लिक करून रीस्टार्ट निवडा. नाव यादीत नसेल, तर तिथेच ‘रन न्यू टास्क’मध्ये explorer लिहून एंटर दाबा. तरीही पट्टी आली नाही, तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून साइन आउट करा, पण सेव्ह केल्यावरच. पॉवरचं बटण अगदी शेवटी.

ऑटोरिकव्हर म्हणजे सेव्ह नव्हे. ते मूळ सेटिंगनुसार दर 10 मिनिटांनी तात्पुरती प्रत ठेवतं, मधलं लिखाण हुकू शकतं. ऑप्शन्समधल्या ‘सेव्ह’मध्ये जाऊन ते 2 मिनिटांवर आणा. वर्डने परत दिलेली प्रत लगेच वेगळ्या नावाने सेव्ह करा, आणि नवी फाइल पहिल्या ओळीलाच.