देवसेनापती : एक शब्द, दोन अर्थ

दिल्लीतील आर. के. पुरम म्हणजेच रामकृष्ण पुरम ही केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची मोठी वसाहत आहे. तिच्या सेक्टर ७ मध्ये एका लहानशा टेकडीवर दगडी मंदिर आहे. दिल्लीकर त्याला ‘मलाई मंदिर’ म्हणतात. नाव ऐकून माझ्या धाकट्या बहिणीला वाटले, इथे प्रसादात मलई मिळत असणार! पण मूळ शब्द तमिळ आहे : ‘मलै’ म्हणजे डोंगर. मंदिराचे खरे नाव उत्तर स्वामिमलै. तमिळनाडूत कुंभकोणमजवळ स्वामिमलै नावाचे क्षेत्र आहे. मुरुगन, म्हणजे आपला कार्तिकस्वामी, याच्या सहा मुख्य स्थानांपैकी ते एक. दिल्लीत स्थायिक झालेल्या तमिळ भाविकांनी त्याचे हे उत्तरेकडील रूप उभे केले. मुख्य मंदिराचा कुंभाभिषेक १९७३ मध्ये झाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी हे मंदिर पाहिले. माझे बाबा सैन्यात असून सध्या सीमेवर आहेत. त्यामुळे आई आणि बहीण आर. के. पुरमला मामाच्या क्वार्टरमध्ये राहतात. टेकडी तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे. तरी दोन वर्षांत आई एकदाही वर गेली नव्हती. कारण विचारले तर म्हणाली, “कार्तिकस्वामीचं दर्शन बायकांनी घेऊ नये.”

वाचक मित्रांनो, महाराष्ट्रात अनेक घरांत ही समजूत आहे. कार्तिकस्वामी ब्रह्मचारी आहे आणि स्त्रीने त्याचे दर्शन घेतले तर तिला सात जन्म वैधव्य येते, असे म्हणतात. पुण्याच्या पर्वतीवर कार्तिकस्वामीचे मंदिर आहे. तिथेही परंपरेने स्त्रिया एरवी दर्शन घेत नाहीत. फक्त कार्तिक पौर्णिमेला, कृत्तिका नक्षत्राचा योग असताना घेतात. ज्यांना ही गोष्ट नुसती गंमत वाटेल त्यांनी विचार करावा, की नवरा सीमेवर असलेल्या बाईला ‘वैधव्य’ हा शब्द कसा ऐकू येत असेल.

तमिळ परंपरेत मात्र याच देवाला वल्ली आणि देवसेना अशा दोन पत्नी आहेत. सुवासिनी त्याच्याकडे नवऱ्यासाठी आणि मुलांसाठी आयुष्य मागतात. मग खरे काय? मी संस्कृतच्या तासाला शिकलेला समास आठवला. ‘देवसेनापती’ हा शब्द दोन प्रकारे सोडवता येतो. देवांचा सेनापती हा एक अर्थ, आणि देवसेनेचा पती हा दुसरा. आपण पहिला अर्थ धरला, तमिळ लोकांनी दोन्ही धरले. महाभारताच्या वनपर्वातही स्कंद आणि देवसेना यांच्या विवाहाची कथा आहे. शिवाय ज्या कृत्तिकांवरून त्याला कार्तिकेय म्हणतात, त्या त्याला दूध पाजून वाढवणाऱ्या सहा माता होत्या!

हा देव केवळ दक्षिणेचा आहे, असेही नाही. सुमारे १८०० वर्षांपूर्वी आजच्या हरियाणा भागात यौधेय नावाचे लढवय्ये गणराज्य होते. त्यांच्या नाण्यांवर हातात भाला घेतलेला कार्तिकेय आहे. काही नाण्यांवर त्याला सहा मुखे आहेत आणि मागच्या बाजूला देवी आहे. रोहतक हे नगर कार्तिकेयाला प्रिय असल्याचा उल्लेख महाभारतात येतो. रोहतक दिल्लीपासून फार दूर नाही. म्हणजे सैनिकांचा हा देव दिल्लीच्या परिसरात पाहुणा नाही. तो जुना रहिवासी आहे.

आम्ही गेलो त्या दिवशी शेजारच्या तमिळ काकू बरोबर होत्या. त्यांचे यजमान सैन्यातून निवृत्त झाले आहेत. चढताना त्या आईला म्हणाल्या, “हे फील्डवर असायचे तेव्हा मी दर कृत्तिकेला इथे यायचे. भीती वाटायची म्हणूनच यायचे.” मुख्य मंदिराबाहेर मोठ्या तमिळ अक्षरांत देवाचे वचन लिहिलेले आहे. काकूंनी त्याचा अर्थ सांगितला : मी असताना भय कशाला?

आई गणपतीपाशी थांबली. मीनाक्षी देवीचेही दर्शन तिने घेतले. मात्र शेवटच्या पायऱ्यांपाशी उभी राहून तिने तिथूनच हात जोडले. बहिणीने विचारले, “मी जाऊ?” आई क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, “काकूंचा हात धरून जा.” आम्ही तिघे वर गेलो. आरती झाली, विभूती मिळाली. खाली आल्यावर बहिणीने त्यातली चिमूटभर आईच्या कपाळाला लावली. आईने ती पुसली नाही. घरी येताना तिने काकूंना एवढेच विचारले, “कार्तिकी पौर्णिमेला इथे गर्दी असते का हो?”

या देवाला ‘स्वामिनाथ’ का म्हणतात, ती कथा प्रत्येक कॅडेटने ऐकण्यासारखी आहे. ॐकाराचा अर्थ ब्रह्मदेवाला सांगता आला नाही, म्हणून बाल मुरुगनाने त्याला कैद केले. शंकर त्याला सोडवायला आले. त्यांनी मुलाला विचारले, “तुला तरी अर्थ येतो का?” मुलगा म्हणाला, “येतो, पण शिष्य होऊन ऐकावे लागेल.” महादेव मुलापुढे शिष्य म्हणून नम्रपणे बसले आणि अर्थ ऐकला. पित्याचाही गुरू झाला म्हणून तो स्वामिनाथ.

आपल्याकडे रँक पाहून सॅल्यूट होतो आणि ते योग्यच आहे. पण समजून घ्यायचे असेल तर वरिष्ठालाही ऐकण्याच्या जागी बसावे लागते. काकूंनी आईला ‘तुमची समजूत खोटी’ असे सांगितले नाही, फक्त स्वतःचा अनुभव सांगितला. आईनेही ‘आमच्यात असं नसतं’ म्हणून तो उडवून लावला नाही. उद्या आपण ज्या तुकडीत असू, तिथे मद्रासी, मराठा, शीख, गोरखा असे जवान एकत्र असतील. एकाच देवाचे किंवा एकाच शब्दाचे त्यांचे अर्थ वेगळे असतील. कुणाच्या मनातली भीती हुकूम देऊन जात नाही, आणि थट्टा करून तर नाहीच. शेजारी उभे राहून ‘मी आहे’ म्हणणारे कोणीतरी लागते. सेनापतीचे पहिले काम हेच असावे, असे मला वाटते.