आकडा दिसतो एक, असतो एक

बोईसर-तारापूरच्या कारखान्यांत आणि ठेकेदारांच्या कार्यालयांत आज हजेरी, ओव्हरटाइम व पगार यांचा हिशोब एक्सेलवर होतो. पालघर परिसरातील आपली मुले-मुली तो हिशोब लिहितात आणि आपलेच बांधव त्यावर मजुरी घेतात. म्हणून ही गोष्ट दोघांनीही समजून घेतली पाहिजे. सेलचा फॉरमॅट हा आकड्याचा पोशाख आहे. फॉर्म्युला पोशाख पाहत नाही, आतली किंमत पाहतो. तीन उदाहरणे घेऊ.

१) तासांची बेरीज : रोज ८ तासांप्रमाणे २६ दिवसांचे ८:०० लिहून बेरीज केली, तर २०८ ऐवजी १६:०० दिसते. एक्सेल पूर्ण दिवसाला १ मानते. बेरीज ८ दिवस १६ तास होते, पण वेळेचा नेहमीचा फॉरमॅट दिवस लपवून उरलेले तास दाखवतो. फॉरमॅटमधील तासाचे अक्षर चौकोनी कंसात घातले की २०८:०० दिसते. मात्र याच सेलला ताशी ६० रुपयांनी गुणले तर ५२० रुपयेच येतात. आणखी २४ ने गुणावे आणि उत्तराला साधा नंबर फॉरमॅट द्यावा, म्हणजे १२,४८० ही खरी रक्कम मिळते.

२) पैसे लपवणे : १०.४० आणि १०.४० या रकमा दशांशाशिवाय दाखवल्या, तर १० आणि १० यांची बेरीज २१ दिसते. रक्कम खरोखर पूर्ण रुपयांत हवी असेल तर फॉरमॅटवर न थांबता राउंड हे फंक्शन वापरावे.

३) टेक्स्ट फॉरमॅट : येथे मात्र पोशाखाने माणूसच बदलतो. आधी टेक्स्ट फॉरमॅट देऊन ५०० लिहिले, तर ते अक्षर म्हणून साठते आणि सम फंक्शन त्याला वगळते. नंतर फॉरमॅट बदलूनही भागत नाही. आकडा पुन्हा भरावा लागतो. असे आकडे बहुधा सेलच्या डावीकडे चिकटलेले दिसतात. बँकेच्या खाते क्रमांकाला मात्र टेक्स्टच योग्य. नाहीतर सुरुवातीचे शून्य गळते आणि १५ अंकांपुढचे अंक शून्य होतात.

हिशोब लिहिणाऱ्यांनी महिनाअखेरीस एका कामगाराचा तरी हिशोब हाताने ताडून पाहावा. पगार घेणाऱ्यांनीही पावती मिळताच दिवस, तास आणि दर यांचा गुणाकार कागदावर करावा. फरक दिसला तर त्याच दिवशी विचारावे.