दिवाळी तिथं, गड्डा इथं

पोरी, बेंगळुरूला बिऱ्हाड थाटलंस आणि आता पहिली दिवाळी परगावी म्हणून तुझा जीव खालीवर होतोय, हे फोनवरच्या आवाजावरून कळलं मला. आत्याचं एक ऐक. आपल्या सणांचे आधी दोन वाटे कर. काही सण माणसाबरोबर गावोगाव फिरतात. दिवाळी, गुढी, संक्रांतीचं हळदीकुंकू, आपल्या महालक्ष्म्यासुद्धा. मुखवटे, साड्या आणि चार हात असले की त्या कुठल्याही शहरात उभ्या राहतात. गड्डा, आपल्या सिद्धरामेश्वरांची यात्रा, मात्र इथंच होतो. सिद्धरामेश्वरांची अडुसष्ट लिंगं सोलापूरभर पसरलेली आहेत आणि सात नंदीध्वज त्यांच्या वाटेनं निघतात. सम्मती कट्ट्यावर सिद्धरामांच्या लग्नाच्या अक्षता पडतात त्या तळ्याकाठीच पडतात. ते बेंगळुरूच्या गच्चीत होणार आहे का? म्हणून वर्षाला एकदाच मोठी रजा मिळणार असेल तर ती दिवाळीला संपवू नको. जानेवारीसाठी राखून ठेव.

तुझ्या आईला हे पटायचं नाही, तिला दिवाळीत लेक दारात हवी. तिला मी समजावीन. पण हिशेब बघ. दिवाळीच्या आठवड्यात सगळा देश गाडीत बसलेला असतो आणि ट्रॅव्हल्सवाले वाटेल तो भाव सांगतात. तिथीप्रमाणं तारीखही दरवर्षी पुढंमागं होते. गड्ड्याचं तसं नाही, तो संक्रांतीला धरून असतो. एखादा दिवस इकडंतिकडं झाला तर पंचांगात बघायचं, एवढंच. रेल्वेचं आरक्षण नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी उघडतं. म्हणजे ११ जानेवारीच्या उद्यान एक्सप्रेसचं तिकीट १२ नोव्हेंबरला सकाळी आठला मिळायला लागतं. मोबाईलमध्ये गजर लावून ठेव. तत्काळच्या भरवशावर राहायचं नाही, सणाच्या दिवसांत ते हाताला लागतंच असं नाही.

बाराला इथं पोचलीस की तैलाभिषेकाच्या दिवसापासून सगळं सापडेल. आणि त्याच तारखेला चार पुतळ्यांपाशी जाऊन यायचं, हे विसरायचं नाही. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात फाशी झाली. पुण्याला ज्या हुतात्मा एक्सप्रेसनं तू कॉलेजला जायचीस, तिचं नाव त्यांच्यावरून आहे. जावयांना हे तूच सांग, त्यांना सोलापूर म्हणजे चादर एवढंच माहीत आहे. मग भोगीला अक्षता, संक्रांतीला होम, किंक्रांतीला होम मैदानावरचं शोभेचं दारूकाम. तेवढं बघून परत फिरलात तरी चालेल.

आता तिथल्या दिवाळीचं. सगळं करायला जायचं नाही. एक गोष्ट धरायची आणि ती वेळेवर करायची. माझं मत विचारशील तर नरक चतुर्दशीचं अभ्यंगस्नान धर. पाडव्याला ऑफिसचा कॉल येऊ शकतो, लक्ष्मीपूजनाला तुम्ही दोघं ट्रॅफिकमध्ये अडकू शकता, पण पहाटे साडेचारला कोणी मीटिंग लावत नाही. तेल कोमट कर, उटणं दुधात कालव, एकमेकांच्या पाठीला लावा. कारीट तिथं मिळालं नाही तर राहू दे, त्यावाचून काही अडत नाही. पहिली पणती त्यावेळी उंबऱ्यात लाव. सुट्ट्यांची यादी मात्र आधी बघून घे. कर्नाटकात नरक चतुर्दशी आणि बलिप्रतिपदा यांना सुट्टी असते, लक्ष्मीपूजनाला असेलच असं धरून चालू नको. त्या दिवसाचा अर्धा दिवस आत्ताच मागून ठेव.

फराळाचं वेड घेऊ नको. आई पाच डबे पाठवणार, त्यातला चिवडा वाटेत मऊ होणार आणि करंज्या फुटणार. मागायचंच असेल तर टिकतं ते मागव: कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरी महिनाभर कुठं जात नाही. चटणी तर तिथंच कर, ती मी शिकवते. शेंगदाणे मंद आचेवर, हलवत, पोटात रंग येईस्तोवर भाज. घाई केली की वरून करपतात आणि आत कच्चे राहतात, मग चटणी कितीही कुट, तेल सोडत नाही. गार झाल्यावर साल पाखडून टाक. लसूण, जिरं, मीठ, तिखट घालून खलबत्त्यात कुटायचं. मिक्सर असेल तर एकदम गरगर फिरवायचा नाही. जरासा फिरवून थांबायचं, खालचं वर करायचं, परत फिरवायचं. बोटांत दाबल्यावर गोळा होऊन तेल दिसलं की झाली. घरात हा वास आला की सण आला असं वाटतं, बघ तू. एखादा पदार्थ स्वतः करायचा, लाडू बाजारातून आणले तरी लक्ष्मी रागवत नाही.

पणत्या लावशील त्या ताटात पाणी घालून लाव, चपलांच्या कपाटाजवळ किंवा पडद्याखाली ठेवू नको. भाड्याच्या घरात तोरणासाठी खिळा मारण्याआधी मालकाला विचार. रांगोळी जिन्यात काढायची तर शेजारणीला बोलावून तिच्या दारातही काढ.

आणि शेजारणीचं म्हणशील तर तिच्याकडं आधी तू जायचं. आपलंच गाव बघ. पूर्व भागातली पद्मशाली मंडळी तेलंगणातून विणकामासाठी इथं आली, पिढ्या गेल्या, तरी पितृ अमावस्येपासून त्यांच्या बायका ताटात फुलांचे थर रचून बतुकम्मा खेळतात. तरवडाची पिवळी फुलं, झेंडू, कुरडू, जे इथल्या माळावर मिळालं ते त्यांनी घेतलं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा सगळं सोलापूर बघायला जातं. त्यांनी परगावात सण कसा रुजवला? दार उघडं ठेवून. लहानपणी तूही त्यांच्या फेरात गेलीस, शब्द कळत नसताना टाळ्या दिल्यास. तुझ्या शेजारणीलाही तसंच बोलव.

तिच्याशी बोलायला विषय काय, असं तू विचारलंस. तुझ्याकडं सगळ्यात मोठा विषय आहे. सांग की मी सिद्धरामांच्या गावची. सोन्नलिगेचे, आपल्या सोलापूरचे सिद्धराम म्हणजे बाराव्या शतकातले कन्नड वचनकार, बसवण्णा आणि अल्लमप्रभूंच्या बरोबरीनं त्यांचं नाव घेतात. कन्नड घरात हे सांगितलंस की तुला लगेच पाट मिळेल. गुढीपाडव्याला ते उगादी करतात, कडुनिंब-गूळ तेही खातात. संक्रांतीला त्यांचं एळ्ळु-बेल्ला असतं, तीळ, गूळ, सुकं खोबरं आणि शेंगदाणे. तुझा तिळगूळ त्यांच्या वाटीत, त्यांचं एळ्ळु-बेल्ला तुझ्या वाटीत. फुलं घ्यायला कृष्णराजेंद्र मार्केटला पहाटे जा, पूजेचं साहित्य गांधीबाजार नाहीतर मल्लेश्वरमला मिळेल. कन्नडात भाव विचारण्यापुरते चार शब्द आधी शीक, ‘एष्टु’ म्हटलं की दुकानदार हसून बोलतो. मराठी माणसंही भेटतील, महाराष्ट्र मंडळात जाऊन ये. पण फक्त तिथंच जात राहिलीस तर वर्षं गेली तरी शहर परकंच राहील.

तुमच्या फाटकावरचा रखवालदार कुठला आहे, विचारलंस का? बिहारचा असेल तर दिवाळीनंतर सहाव्या दिवशी त्याची छठ असते आणि तोही घरी गेलेला नसतो. त्याला फराळाचं ताट आपल्या पूजेनंतर नको, आधी दे, गरम असताना दे, आणि छठच्या संध्याकाळची सुट्टी मिळावी म्हणून सोसायटीत शब्द टाक.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी सातला घरी फोन करू नको. इथं सगळे गडबडीत असतात, कोणी नीट बोलत नाही आणि तुला वाटतं आपल्याला विसरले. दुपारी तीनला कर, तेव्हा आई एकटी निरांजनं घासत बसलेली असते. भाऊबीजेला मात्र दादाला व्हिडिओ लाव, ओवाळ, आणि ओवाळणी तिथल्या तिथं खात्यात टाकायला लाव, उधारी ठेवायची नाही.

आणि जावयांच्या छातीचं आणि उंचीचं माप या आठवड्यात कळव. गड्ड्याला ते पॅंट-शर्टात शोभायचे नाहीत, पांढरी बाराबंदी शिवायला टाकायची आहे, आणि डिसेंबरात शिंप्याकडं रांग लागते.