कामाचं गाव कुठलं?

रत्नागिरी,
गुरुवार रात्र

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईचा दुपारी फोन आला. आधी भातकापणीचं बोलली, मग माझ्या गुडघ्याचं विचारलं, आणि फोन ठेवता ठेवता म्हणाली, "सोनूचं बँकॉकचं जमलंय, पुढच्या आठवड्यात निघतोय." पगार किती, तर लाखाच्या वर. काम काय, तर कॉम्प्युटरवर टायपिंग. कंपनी कुठली, ते तिला ठाऊक नाही. तिकीट कोण काढतंय, तर एजंट. ती हरखून सांगत होती आणि इकडे माझे हातपाय गार पडत होते.

आपल्या दूधवाल्याचा पुतण्या आठवतो ना, पावसचा? तोही बँकॉकलाच गेला होता. कुणी म्हणतं तो ब्रह्मदेशात अडकलाय, कुणी म्हणतं घर विकून सोडवला. खरं-खोटं देव जाणे, पण त्याची आई हल्ली कुणाशी बोलत नाही, एवढं मी डोळ्यांनी बघते. म्हणून तुला एकच विचारते, आणि या पत्रात पुन्हा पुन्हा विचारणार आहे. कामाचं गाव कुठलं? बँकॉक म्हणू नकोस. बँकॉक ही विमानातून उतरायची जागा झाली.

अ‍ॅटलास काढ. माझ्या कपाटातला तूच नेलायस, परत दिलेला नाहीस. ब्रह्मदेश, थायलंड, लाओस, कंबोडिया, व्हिएतनाम हा सगळा मुलूख उत्तर-दक्षिण आखलेला आहे. इरावती, साल्विन, चाओ फ्राया, मेकाँग अशा नद्या उत्तरेकडून उतरतात आणि त्यांच्यामध्ये डोंगरांच्या रांगा. खोऱ्यात भात पिकला, भातावर राजे पोसले, त्यांनी पागोडे नि राजधान्या उभारल्या. डोंगरात कॅरेन, कचिन, ह्मोंग फिरती शेती करून राहिले; राजाचा वसुलीवाला तिथवर चढेपर्यंत त्याची दमछाक व्हायची. ब्रह्मदेशात आजही तेच. 2021 च्या फेब्रुवारीत लष्करानं सत्ता घेतली, तेव्हापासून तर सीमेवरच्या डोंगरात ज्याच्या हातात बंदूक त्याचाच हुकूम.

आता थायलंडच्या पश्चिम कडेला माए सोत शोध. बँकॉकहून वायव्येला सुमारे पाचशे किलोमीटर, गाडीनं सात-आठ तास. गावापलीकडे मोएई नदी, नदीपलीकडे म्यावाडी, म्हणजे ब्रह्मदेशातलं कॅरेन राज्य. आजूबाजूच्या नद्या दक्षिणेला धावतात, ही उत्तरेकडे जाऊन साल्विनला मिळते. उन्हाळ्यात तिचं पाणी इतकं उतरतं की माणूस चालत पार होतो. 1997 साली तिच्यावर मैत्रीपूल झाला, पण पासपोर्टवर शिक्का नको असणाऱ्यांना पुलाची गरजच काय?

त्या काठावर उंच भिंतींच्या वसाहती आहेत. केके पार्क हे त्यातलं एक नाव. विमानतळावर गाडी घ्यायला येते, रात्री होडीतून पलीकडे नेतात, पासपोर्ट काढून घेतात. मग टायपिंगच करायचं. बाई असल्याचं सोंग करून कुठल्या तरी देशातल्या एकट्या माणसाशी गोड बोलायचं आणि त्याची पुंजी खोट्या गुंतवणुकीत ओढायची. ठरलेला आकडा गाठला नाही तर मार. सुटायचं तर खंडणी. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं 2023 साली अंदाज दिला तो ब्रह्मदेशात निदान 1,20,000 आणि कंबोडियात सुमारे 1,00,000 माणसं अशी डांबलेली असावीत असा. 2025 च्या फेब्रुवारीत थायलंडनं तिकडची वीज तोडली, हजारो लोक बाहेर आले, आणि मार्चमध्ये आपल्या हवाई दलाची विमानं माए सोतला जाऊन 549 भारतीयांना घेऊन आली. तेही कुणाचे तरी सोनूच होते. त्यांच्यातल्या कित्येकांनाही एजंटनं बँकॉकच सांगितलं असणार.

म्हणशील, मावशीला शाळा सुटली तरी शिकवायची खोड सुटली नाही. नाही सुटत. एजंट म्हणतो, व्हिसा लागत नाही. अरे मेल्या, 2024 साली थायलंडनं आपल्याला साठ दिवसांची बिनव्हिसा सवलत दिली ती हिंडायला. नोकरी करायची तर जाण्याआधी नॉन-इमिग्रंट बी व्हिसा घ्यावा लागतो, शिवाय वर्क परमिट. जो तुला व्हिसा लागत नाही म्हणतो, तो तुला सहलीला नेतोय की कामाला? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, ई-मायग्रेटवर ती बघता येते. त्याचा नोंदणी क्रमांक मागितलास का? आणि तिकीट तोच काढतोय, तर मग आईच्या पाटल्या गहाण कशाला गेल्या? आई मला काही बोलली नाही. गणपतीत तिच्या हातात नुसत्या काचेच्या बांगड्या होत्या. मला काय दिसत नाही?

फार लागलं असेल तर लागू दे.

पण खरं सांगू, हे लिहिताना दुसरीच एक भीती वाटतेय. तू माझं ऐकशील आणि मग कुठेच जाणार नाहीस.

तू आजोबांना, म्हणजे आमच्या अण्णांना, पाहिलंस ते थकलेले, आरामखुर्चीतले. आमच्या वेळचे अण्णा वेगळे. अकरावीत असताना मला पेनांगची एक पत्रमैत्रीण मिळाली, तमिळ घरातली. तिची पत्रं म्हणजे माझा खरा भूगोल. जॉर्ज टाउनमध्ये मारिअम्माचं देऊळ, चिनी लोकांच्या करुणादेवीचं देऊळ आणि कपितान केलिंग मशीद कशी हाकेच्या अंतरावर आहेत, चिनी घराणी समुद्रात खांब रोवून धक्क्यांवर कशी राहतात, दुरियान फळाच्या वासानं पाहुणा पळतो आणि घरचे कसे तुटून पडतात. बी.एड. झाल्यावर तिनं बोलावलं, भाडं सोडून सगळं आमच्याकडे म्हणाली. अण्णांनी पत्र वाचलं, घडी घातली आणि म्हणाले, "मुलीच्या जातीनं कशाला?" पुढे टपालखर्चाचं निमित्त झालं. मी उलटून एक शब्द बोलले नाही, त्याची चुटपुट अजून जात नाही. तिची आणखी दोन-तीन पत्रं आली, मग थांबली. मी आयुष्यभर पोरांना मलाक्काची सामुद्रधुनी छडीनं दाखवली. आता तुला दटावताना माझ्याच तोंडून अण्णा बोलतायत की काय, असं वाटून मघाशी पेन खाली ठेवलं होतं.

निवृत्तीनंतर गेले मी एकदा थायलंडला, पण ते काही जाणं नव्हे. सहलवाल्यांनी आचारी बरोबर नेला होता. जन्मभर सुकट खाल्लेली बाई मी, मला त्यांच्या बाजारातलं कपी, म्हणजे कोळंबी आंबवून केलेलं ते जांभळट वाटण, बघायचं होतं. तर सहलवाल्यांचा पोरगा म्हणतो, काकू, चला पुढे, इथे वास येतो! बसमध्ये बसून साबुदाणा खिचडी खाल्ली आणि परत आले.

म्हणून तिकडे जाऊच नको असं मी म्हणत नाही. तो मुलूख वाईट नाही, वाईट आहेत त्या टोळ्या, आणि त्यातल्या बऱ्याच बाहेरून येऊन बसलेल्या. थाई, बर्मी, कंबोडियन माणसंही त्यांनी फसवलेली आहेत. तू तिथे गेलास तर निम्मं तुला घरचंच वाटेल. आपला नैर्ऋत्य मोसमी वाराच पुढे बंगालच्या उपसागरावरून त्यांच्याकडे जातो. ब्रह्मदेशातल्या मौलमीनला रत्नागिरीपेक्षा जास्त पाऊस, आणि डोंगर ओलांडून माए सोतला उतरलास की त्याच्या निम्म्याहून कमी. सह्याद्री चढून देशावर गेल्यावर होतं तसंच. नारळ, फणस, भात, खाडीतली मासळी सगळं तेच. वागताना मात्र सांभाळ. कुणा पोराच्या डोक्यावर कौतुकानंसुद्धा हात ठेवू नये, पाय कुणाकडे करून बसू नये, आणि राजाबद्दल चेष्टेतही बोलू नये. कलम 112 खाली तीन ते पंधरा वर्षं कैद आहे.

बेटांकडे तर अवश्य जा. बालीत न्येपी नावाचा दिवस असतो, त्यांच्या शक वर्षाचा पहिला. कधी आपल्या पाडव्याच्याच दिवशी किंवा एखादा दिवस पुढेमागे येतो, कधी महिनाभर आधी. आपण ढोल-ताशे घेऊन शोभायात्रा काढतो, ते लोक दिवे विझवतात, चूल पेटवत नाहीत, रस्त्यावर येत नाहीत, विमानतळसुद्धा चोवीस तास बंद. जावात प्रंबानानच्या देवळांपुढे मुसलमान कलाकार रामायण नाचतात. हे सगळं मी वर्गात सांगितलंय. बघितलेलं नाही.

पण परत यायचं तिकीट आपल्या हातात पाहिजे, सोनू. आपल्या गावात हे कुणी सांगायला नको. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 साली मंडालेहून उचललं आणि रत्नागिरीत आणून ठेवलं. 1910 साली राजवाडा बांधून दिला म्हणे, केवढा मोठा! तू लहानपणी तिथे गच्चीवर पळायचास. 1916 साली तो इथेच गेला, मंडाले पुन्हा दिसलं नाही. लोकमान्य मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढून 1914 साली परत आले, पण त्यांच्यामागे सगळा देश वाट बघत होता. तुझ्यामागे तुझी आई आणि मी. आम्ही दोघी कुठे कुठे धावणार?

कंपनीचं नाव, पत्ता आणि गाव मला कळव. बँकॉकमधल्या आपल्या वकिलातीला तूच ईमेल कर, नोकरी खरी आहे का विचार. उत्तर येईपर्यंत निघू नकोस. एजंट घाई करील, जागा जाईल म्हणेल. जाऊ दे. माझं न ऐकता गेलासच, आणि गाडी शहर सोडून वायव्येला लागली, तर पहिल्या पेट्रोलपंपावर उतर आणि 1155 लाव, तो तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर आहे. सामान गेलं तर गेलं.

तुला इथे कंटाळा आलाय हे मला कळत नाही असं समजू नकोस. सोबतीची पोरं पुण्या-मुंबईला गेली, तू आंब्याच्या पेट्या मोजतोयस, आणि घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, सध्या काय करतोस? तुझ्या जागी मी असते तर मीही पिशवी भरली असती. तू आळशी नाहीस. आईला मी एकदा रागाच्या भरात तसं म्हणाले होते, ते तुझ्या कानावर गेलं असणार. मनात ठेवू नकोस.

माझ्या पेन्शनचा फरक जमा झालाय. पाटल्या आधी सोडवू. उरेल त्यात हॉटेल मॅनेजमेंटचा तो कोर्स कर, अर्ज अजून तुझ्या टेबलावर पडलाय असं आई सांगत होती. मग रीतसर व्हिसा घेऊन पेनांगला जा, सिंगापूरला जा, कुठेही जा. मी विमानतळावर सोडायला येईन, आणि रडणारसुद्धा नाही, बहुतेक.

रविवारी ये. एकटाच ये, आईला नंतर आण. घावणे करते.

तुझी,
मावशी

ता. क. दिवाळीत तुझ्यासाठी घेतलेला शर्ट अजून इथेच आहे. मोठा वाटतोय. तू बारीक झालायस म्हणते आई. खातोस ना वेळेवर?