वीस शिलिंगांची जहाजपट्टी

नवी पट्टी बसली की गावात दोन प्रश्न निघतात. एक, किती बसली? दुसरा, कोणी बसवली आणि कोणाला विचारून? पहिल्या प्रश्नावर चावडीत रात्र रात्र बोलणे होते. दुसरा प्रश्न फार थोडे लोक विचारतात.

इंग्लंड देशात जॉन हॅम्पडन नावाच्या एका जमीनदाराने हा दुसरा प्रश्न विचारला. स्टोक मँडव्हिल या गावी त्याची जमीन होती. तिच्यावर पट्टी बसली होती अवघी वीस शिलिंग, म्हणजे एक पौंड. हॅम्पडन चांगला सधन माणूस. एक पौंड त्याला काही जड नव्हता. तरी त्याने तो भरला नाही. 1637 साली राजाच्या कोर्टात त्याच्यावर खटला उभा राहिला. आपल्याकडे शिवाजी महाराज तेव्हा सात वर्षांचे होते. यावरून काळ ध्यानात येईल.

हा तंटा एका पौंडाचा नव्हता. तो कशाचा होता, हे समजायला थोडे मागे जावे लागेल.

इंग्लंडच्या गादीवर 1625 साली पहिला चार्ल्स बसला. राजाला देव नेमतो, म्हणून राजाने जाब द्यायचा तो देवाला, माणसांना नाही, असे तो मनापासून मानत होता. पण त्या देशात एक जुनी सभा होती. तिचे नाव पार्लमेंट. तिचे दोन भाग. एकात मोठे उमराव आणि धर्मगुरू बसत. दुसऱ्या भागाला कॉमन्स म्हणत. तिथे जिल्ह्यांनी आणि शहरांनी निवडलेली माणसे बसत. आता निवडलेली म्हणजे आपल्यासारखी सगळ्यांच्या मताने नव्हेत, बरे का! बायकांना मत नव्हते, गरिबाला नव्हते. जमीनजुमला असलेल्यांचाच तो कारभार. पार्लमेंट केव्हा बोलवायचे आणि केव्हा मोडायचे, हेही राजाच्या हातात. पण एक किल्ली सभेच्या हातात होती. सभेची संमती असल्याशिवाय नवा कर बसवायचा नाही, अशी जुनी रीत होती.

राजाला लढायांसाठी पैका हवा होता. पार्लमेंट म्हणे, आधी आमची गाऱ्हाणी ऐका, मग पैका देऊ. राजाने पार्लमेंट मोडले आणि श्रीमंत लोकांकडून सक्तीने कर्ज उचलले. न देणाऱ्यांना तुरुंगात टाकले. त्यातल्या पाच जणांनी कोर्टात विचारले, आमचा गुन्हा काय? उत्तर मिळाले, राजाची आज्ञा. बस्स! गुन्ह्याचे नावच नाही. शिवाय शिपाई लोकांच्या घरात मुक्कामाला घातले. त्यांना खाऊ कोणी घालायचे? घरधन्याने.

म्हणून 1628 साली पार्लमेंटने एक अर्ज लिहून राजापुढे ठेवला. त्याला हक्कांचा अर्ज म्हणतात. आमच्या संमतीवाचून कर किंवा कर्ज घेऊ नये, कारण सांगितल्यावाचून कोणाला कोंडू नये, घराघरांत शिपाई घालू नयेत, असे त्यात होते. राजाने मान्यता दिली. पण मनातून काही ते पटले नव्हते. पुढच्याच वर्षी पुन्हा वाजले. राजाने सभा थांबवायचा हुकूम पाठवला. सभापती जॉन फिंच उठू लागला. तेव्हा सभासदांनी त्याला खुर्चीत दाबून धरले आणि आपले ठराव मंजूर करून घेतले. हा फिंच ध्यानात ठेवा. तो पुन्हा भेटणार आहे.

त्यानंतर अकरा वर्षे राजाने पार्लमेंट बोलावलेच नाही.

पण पैका तर हवाच. राजाच्या माणसांनी जुनी दप्तरे चाळली. त्यांत सापडली जहाजपट्टी. पूर्वी शत्रू समुद्रावरून आला, तर किनाऱ्यावरच्या गावांनी राजाला जहाजे किंवा त्यांचा खर्च द्यायचा, अशी ही पट्टी. 1634 साली ती बंदरांवर बसली. तोवर लोकांनी फारसे मनावर घेतले नाही. 1635 साली मात्र ती सगळ्या देशावर बसली. समुद्र कधी डोळ्यांनी पाहिला नाही अशा गावांवरसुद्धा! हॅम्पडनचा जिल्हा बकिंगहॅमशर असाच, पार आतला. पुढे दरसाल हुकूम निघू लागले. लोक समजले. ही संकटाची पट्टी नाही. ही कायमची होणार, आणि ती मिळाली की राजाला पार्लमेंटची गरज उरणार नाही.

खटला बारा न्यायाधीशांपुढे चालला. राजाच्या बाजूचे म्हणणे असे. देशावर संकट आले की रक्षण करणे राजाचे काम. संकट आले की नाही, हे ठरवणाराही राजाच. हॅम्पडनचा वकील होता ऑलिव्हर सेंट जॉन. देशाचे रक्षण राजाने करावे, हे त्याने कबूल केले. मग त्याने हुकुमावरची तारीख दाखवली. हुकूम निघाला त्या दिवसापासून जहाजे हजर करायला जवळजवळ सात महिन्यांची मुदत दिली होती. पार्लमेंट बोलवायला चाळीस दिवस लागतात. मग शत्रू दारात होता म्हणता, तर सात महिने कसे थांबलात? आणि सात महिने होते, तर पार्लमेंटला का नाही विचारले? असा त्याचा मुद्दा. या वकिलाला दाद दिली पाहिजे. त्याने राजाच्याच कागदात राजाला अडकवले.

1638 साली निकाल लागला. सात न्यायाधीश राजाच्या बाजूने, पाच हॅम्पडनच्या बाजूने. हॅम्पडन हरला. राजाच्या बाजूने सर्वांत जोराने बोलला तो फिंच. तोच, खुर्चीत दाबून धरलेला! आता तो मोठा न्यायाधीश झाला होता. पार्लमेंटचा कोणताही कायदा राजाचा हा हक्क काढून घेऊ शकत नाही, असे त्याने सांगितले. पण लोकांनी निकाल दुसऱ्या बाजूने वाचला. राजाने नेमलेल्या न्यायाधीशांपैकी पाच जण राजाविरुद्ध जातात, म्हणजे काहीतरी आहे! पुढच्या साली वसुली घसरली. अंमलदार दारोदार फिरून थकले.

तेवढ्यात स्कॉटलंडात बंड झाले. राजाने तिथल्या लोकांवर नवी प्रार्थनापोथी लादली होती. फौजेला पैका लागला. नाइलाजाने 1640 साली पार्लमेंट बोलवावे लागले. पहिले तीन आठवड्यांत मोडले. नोव्हेंबरात दुसरे भरले. अकरा वर्षांचा राग साठला होता. फिंच परदेशी पळाला. 1641 साली जहाजपट्टी बेकायदा ठरली, आणि हॅम्पडनवरचा निकाल रद्द झाला.

4 जानेवारी 1642 रोजी राजा स्वतः शेकडो हत्यारबंद माणसे घेऊन कॉमन्स सभेवर आला. त्याला पाच सभासद धरायचे होते. त्यांत हॅम्पडन होता. पण पाचही जण आधीच निसटले होते. राजाने सभापतीला विचारले, ते कुठे आहेत? सभापती लेंथॉल गुडघ्यांवर बसला. सभा सांगेल तेवढेच मी पाहतो आणि बोलतो, अशा अर्थाचे उत्तर त्याने अदबीने दिले. राजा हात हलवत परत गेला.

त्याच साली ऑगस्टमध्ये लढाई जुंपली. हॅम्पडन 1643 साली चालग्रोव्हच्या चकमकीत जखमी होऊन मेला. राजा शेवटी हरला आणि कैद झाला. पुढचे मात्र डोळे उघडे ठेवून वाचावे. फौजेने सभेच्या दारावर पहारा बसवला आणि न पटणारे सभासद बाहेर ठेवले. उरलेल्यांनी राजावर खटला भरला. कोणत्या अधिकाराने मला इथे उभे केले, असे राजा पुन्हा पुन्हा विचारत होता. हॅम्पडनचा प्रश्न आता राजाच्या तोंडी आला होता! 30 जानेवारी 1649 रोजी लंडनात त्याचे डोके उडवले. आणि 1653 साली फौजेचा सेनापती क्रॉमवेल याने शिपाई आणून ते पार्लमेंटही हाकलून दिले.

1660 साली चार्ल्सचा मुलगा, दुसरा चार्ल्स, गादीवर आला. मुंबई बेट पोर्तुगिजांनी लग्नात आंदण दिले ते यालाच. पुढे 1689 साली कायदाच झाला, की पार्लमेंटच्या संमतीवाचून राजाने पैसा वसूल करू नये. आपल्या राज्यघटनेतही 265 वे कलम आहे. कायद्याच्या आधारावाचून कोणताही कर बसवता येत नाही आणि वसूलही करता येत नाही, असे ते सांगते.

राजा त्या दिवशी कॉमन्स सभेत शिरला, त्यानंतर कोणताही राजा किंवा राणी तिच्या बैठकीत गेलेली नाही. पार्लमेंट उघडायच्या दिवशी राजाचा निरोप्या सभासदांना बोलवायला येतो. तो जवळ आला की दार त्याच्या तोंडावर लावतात. तो काठीने तीन वेळा ठोठावतो. मग दार उघडते.