गाडी तापली तर? घरच्या घरी निदान आणि दुरुस्ती

जुन्या बोरघाटात बॉनेट उघडून उभी असलेली फियाट आपल्यातल्या चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांनी पाहिली असेल. ड्रायव्हर पाण्याचा कॅन घेऊन झरा शोधायला जायचा, मुलं दगडावर बसून चिवडा खायची. २००२ मध्ये एक्सप्रेस-वे पूर्ण झाला. २००३ मध्ये नोंदलेली मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मुदत संपून ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. गाडी तापण्याचा विषय तिच्याबरोबरच संपला, असं वाटणं साहजिक आहे. पण हाउन्सलोत गाडी तापायला घाट लागत नाही. संध्याकाळी पाचची ए ४ पुरते. १९ जुलै २०२२ ला शेजारच्या हीथ्रोवर ४०.२ अंश तापमान नोंदलं गेलं, असे दिवस तर वेगळेच.

आम्ही मंडळातले तीन-चार जण शनिवारी एकमेकांच्या ड्राइव्हवर गाड्यांची किरकोळ कामं करतो. आम्ही कोणी मेकॅनिक नाही. म्हणून इथे फक्त तेवढंच सांगतो, जे साधी हत्यारं आणि थोडा धीर असलेल्या कोणालाही जमेल.

आधी थोडं शास्त्र. पेट्रोल जळून जी ऊर्जा निघते, तिच्यातली ढोबळमानाने फार तर एक तृतीयांशच चाकांच्या कामी येते. बाकीची उष्णता काही सायलेन्सरवाटे जाते, काही कूलंट उचलतं. पंप हे कूलंट इंजिनातून फिरवतो, थर्मोस्टॅट नावाची झडप ते तापल्यावर रेडिएटरकडे सोडते, आणि तिथे समोरचा वारा किंवा पंखा ते थंड करतो. ही सगळी व्यवस्था बंदिस्त आणि दाबाखाली असते, अगदी आपल्या प्रेशर कुकरसारखी. त्या दाबामुळे आणि त्यातल्या ग्लायकॉलमुळे कूलंट सव्वाशे अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही.

आता कुकरचंच उदाहरण पुढे नेऊ या. वाफ असताना कोणी झाकण ओढतं का? मग गाडीचं का उघडता! टाकीचं झाकण गरम असताना फिरवलं की दाब एकदम उतरतो, आतलं कूलंट तिथल्या तिथे उकळून कारंज्यासारखं उडतं, आणि समोर असतो आपला हात आणि चेहरा. इंजिन बंद करून निदान तासभर थांबा. वरचा होज हाताला कोमट लागला आणि दाबल्यावर मऊ वाटला, तरच जाड फडकं ठेवून झाकण हळूहळू फिरवा. या लेखातली एकच ओळ लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा.

चालत्या गाडीत काटा वर चढायला लागला तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण गरमवर, पंखा जोरात लावा. जुलैत हे वेडेपणाचं वाटेल, पण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच, तो इंजिनाची उष्णता आपल्या अंगावर घेतो. काटा तरीही लाल पट्ट्यात गेला, किंवा लाल दिवा लागला, तर "घर दोनच मैलांवर आहे" हा हिशोब करू नका. त्या दोन मैलांत ॲल्युमिनियमचं सिलिंडर हेड वाकू शकतं. सुरक्षित जागी थांबा, इंजिन बंद करा, आणि गरम इंजिनावर गार पाणी ओतू नका, तडा जातो.

एम ४ वर मात्र जपून. जंक्शन ३ पासून पश्चिमेला २०२२ पासून तो स्मार्ट मोटरवे आहे, म्हणजे कडेची हार्ड शोल्डर नाही. शक्य असेल तर पुढच्या नारिंगी इमर्जन्सी जागेत किंवा बाहेरच्या जंक्शनला जा. डाव्या लेनच्या कडेला गाडी बंद पडली आणि सुरक्षित उतरता येत असेल, तर सगळ्यांनी डाव्या दारानेच उतरून कठड्यापलीकडे जायचं. उतरता येत नसेल तर पट्टा लावून आत बसा, हॅझर्ड दिवे लावा आणि लगेच ९९९ ला फोन करा. गाडीची काळजी नंतर.

घरी आल्यावर, गाडी थंड असताना, पहिला प्रश्न हत्यारांचा नाही, आठवणीचा आहे: गाडी नक्की केव्हा तापते? ट्रॅफिकमध्ये तापते आणि मोटरवेवर काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर घ्या, कारण वेगात वाराच पंख्याचं काम करतो. उलट वेगात किंवा चढावर तापत असेल तर कूलंट नीट फिरत नाही किंवा रेडिएटर बुजला आहे. काटा वर आणि हीटरमधून मात्र गार हवा येत असेल, तर बहुधा कूलंट कमी झालंय किंवा आत हवा अडकली आहे.

आमच्याच एका सभासदाची गोष्ट. हीथ्रोवर पहाटेची शिफ्ट, गाडीशिवाय गत्यंतर नाही. परतताना सिग्नलला काटा चढायचा. एका गॅरेजने गाडी न चालवताच "हेड गॅस्केट" म्हणून आठशे पौंडांचा आकडा सांगितला. त्या घरात तेव्हा दोघांपैकी एकाचीच नोकरी चालू होती, आणि ताईंनी गाडी भंगारात द्यायचं जवळजवळ ठरवलं होतं. आम्ही विचारलं, "मोटरवेवर तापते का हो?" "नाही, तिथे अगदी शहाण्यासारखी वागते." मग इंजिन चालू ठेवून एसी लावला. बहुतेक गाड्यांत एसी लावताच रेडिएटरचा पंखा फिरायला हवा. हिचा हलेना. फ्यूज ठीक होता. पेटीत पंख्याच्या रिलेसारखाच दुसरा रिले होता, तो अदलाबदल करून पाहिला आणि पंखा भुर्रकन सुरू झाला. नवीन रिले पंधरा पौंडांच्या आत आला. सगळ्यांचं असं स्वस्तात सुटत नाही, हे खरं, पण विचारायला पैसे पडत नाहीत. (पंख्यापाशी बोटं, ओढणी, मफलर नेऊ नका, किल्ली काढल्यावरही तो अचानक फिरू शकतो. हायब्रिडमध्ये तर शांत इंजिन आपोआप सुरू होतं, म्हणून गाडी पूर्ण बंद करा आणि नारिंगी वायरींना हात लावू नका.)

पंखा ठीक असेल तर गळती शोधा. रात्री गाडीखाली जाड पुठ्ठा टाकून ठेवा. सकाळी गुलाबी, हिरवा किंवा निळा डाग दिसला तर ते कूलंट. एसीचं ठिबकणारं पाणी बिनरंगी असतं, त्याची चिंता नको. होजच्या टोकांशी आणि पंपाखाली वाळलेली पांढरट पापडी दिसते का पाहा. क्लिप सैल असेल तर आवळणं, फुगलेला होज बदलणं, ही कामं घरची. पंप बदलणं मात्र अनेक गाड्यांत टायमिंग बेल्टशी जोडलेलं असतं, त्यात पडू नका. रेडिएटरच्या जाळीत पानं आणि किडे अडकले असतील तर बागेच्या पाइपने, मंद धारेने, इंजिनाकडून बाहेर धुवा. जोरदार धारेने पत्रे वाकतात.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरात होते. तो काढून, धुऊन, दोऱ्याने बांधून पातेल्यातल्या पाण्यात लोंबकळत ठेवा, तळाला टेकू देऊ नका. पाणी तापवत न्या, सोबत थर्मामीटर धरा. त्याच्यावर छापलेल्या तापमानाला, साधारण ८२ ते ९० अंशांच्या दरम्यान, तो उघडायला लागला पाहिजे. उकळत्या पाण्यातही मिटलेलाच राहिला तर दोषी सापडला. पातेलं जुनं घ्या, आणि नंतर ते गॅरेजमध्येच ठेवा. वहिनींना समजावणं कूलंट भरण्यापेक्षा अवघड आहे, आणि या बाबतीत वहिनींचं बरोबर आहे: एथिलीन ग्लायकॉल विषारी आहे. गोडसर असल्यामुळे मुलं त्याला फसतात, मांजरंही ते चाटतात. सांडलेलं लगेच पुसा.

भरताना नळाचं पाणी वापरू नका. हाउन्सलोत किटलीच्या तळाला जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. डीआयोनाइज्ड पाणी मोटारीच्या दुकानात मिळतं. निम्मं पाणी, निम्मं कूलंट हे प्रमाण बहुतेक गाड्यांना चालतं, आणि ते उणे पस्तीसच्या आसपासपर्यंत गोठतही नाही. रंगावर विश्वास ठेवू नका. एकाच रंगाची दोन कूलंट वेगळ्या जातीची असू शकतात, म्हणून गाडीच्या पुस्तकात लिहिलेला प्रकारच आणा. हीटर गरमवर ठेवून सावकाश भरा, हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबेपर्यंत उघडा ठेवा. एक फेरी मारून गाडी पूर्ण थंड झाली की पातळी पुन्हा पाहा, मिन आणि मॅक्स या खुणांच्या मध्ये हवी.

डाग कुठेच नाही आणि तरी कूलंट कमी होतंय? सायलेन्सरमधून सतत गोडसर वासाचा पांढरा धूर, टाकीत न थांबणारे बुडबुडे, थंड इंजिन सुरू करताच दगडासारखे कडक होणारे होज, ही हेड गॅस्केटची लक्षणं. तेलाच्या झाकणाखाली लोण्यासारखा थर दिसला तर लगेच घाबरू नका, हिवाळ्यात फक्त शाळा आणि दुकान एवढंच फिरणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलाव्यानेही येतो. गॅरेजला ब्लॉक टेस्ट करायला सांगा. टाकीतल्या हवेत इंजिनाचा वायू असेल तर निळं द्रावण पिवळं होतं. ते डोळ्यांनी पाहा, मगच हो म्हणा. आणि खर्चाआधी आणखी एक गोष्ट तपासा: २९ ऑगस्ट २०२३ पासून अख्खं हाउन्सलो युलेझमध्ये आहे. साधारण २००६ पूर्वीच्या पेट्रोल आणि २०१५ पूर्वीच्या डिझेल गाडीला वापराच्या दर दिवशी साडेबारा पौंड पडतात. अशा गाडीचं हेड उघडण्यात अर्थ नाही, असं आमचं स्पष्ट मत.

काढलेलं जुनं कूलंट रस्त्याच्या जाळीत ओतू नका. पावसाचं पाणी त्याच वाटेने क्रेन नदीत जातं. झाकणाच्या डब्यात भरा, नाव लिहा, मुलांच्या हाताबाहेर ठेवा, आणि काउन्सिलला फोन करून ते कुठे स्वीकारतात हे विचारूनच घेऊन जा.