नंबर खरा, गिटार खोटी

जुनी इलेक्ट्रिक गिटार विकणारा सगळ्यात आधी सिरियल नंबर दाखवतो. माझे म्हणणे असे की विश्वास ठेवायचाच असेल तर त्या नंबरावर सगळ्यात शेवटी ठेवावा. नंबर मोबाईलवर टाकला, साल निघाले, मॉडेल जुळले, की घेणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. पण नंबर म्हणजे नुसते आकडे. कुठल्याही खऱ्या गिटारच्या फोटोवरून ते उचलता येतात, आणि बनावट माल काढणारे नेमके तेच करतात. त्यामुळे ही तपासणी एकाच बाजूने उपयोगाची आहे. नंबर चुकीचा निघाला तर गिटार संशयास्पद. बरोबर निघाला तर अजून काहीच सिद्ध झालेले नाही. हे विक्रेत्याला पक्के ठाऊक असते आणि तो ते बोलत नाही. घेणाऱ्याला नंतर 'तुम्हाला कळत नव्हते का' म्हणून ऐकवणाऱ्यांनी आधी याचा हिशोब करावा.

तरी नंबर वाचता यायलाच हवा, कारण आळशी नकलाकार तिथेच सापडतो. गिब्सनने 1977 पासून आठ आकडी नंबर हेडस्टॉकच्या मागे लाकडात ठोकायला सुरुवात केली. पहिला आणि पाचवा आकडा मिळून साल, मधले तीन मिळून वर्षातला दिवस. 82107543 म्हणजे 1987 सालचा 210 वा दिवस, 29 जुलै. मधले तीन आकडे 366 च्या वर गेले तर असा दिवस कुठल्याच पंचांगात नाही. अपवाद आहेत: 1994 चे नंबर 94 ने सुरू होतात, कस्टम शॉपची रीत निराळी, 2005 मध्ये एक आकडा वाढला, आणि साठच्या दशकात तर कंपनीनेच तेच ते नंबर पुन्हा वापरून ठेवले. फेंडरचे जरा सोपे. मेक्सिकोत बनलेल्या गिटारींवर नव्वदच्या दशकात एमएन, 2000 नंतर एमझेड, 2010 नंतर एमएक्स अशी अक्षरे येतात. आयसीएसने सुरू होणारा नंबर मात्र इंडोनेशियात बनलेल्या स्क्वायरचा. स्क्वायर हे फेंडरचेच 1982 पासूनचे स्वस्त नाव. ते काही वाईट वाद्य नव्हे; फक्त ते फेंडरच्या भावाने घ्यायचे नसते. तसेच आपल्या कोलकात्याच्या गिव्सनचे. ती नकली गिब्सन नाही, तिचे स्वतःचे नाव आहे. पण अंधुक फोटोत एका अक्षराचा फरक कुणाला दिसतो?

खरी मेख पुढे आहे. फेंडरची नेक बॉडीला चिकटवलेली नसते, बहुतेक मॉडेलांत ती चार स्क्रूंवर बसते. 1976 पर्यंत नंबर त्या स्क्रूंखालच्या पत्र्यावर असे, नंतर तो हेडस्टॉकवर गेला. म्हणजे आज तुम्ही जो नंबर तपासता तो नेकचा आहे, गिटारचा नाही. खऱ्या मेक्सिकन नेकखाली कुठलीही बॉडी जोडली तरी कंपनीचे उत्तर खरेच येणार. उलटा प्रकारही चालतो: स्क्वायरच्या हेडस्टॉकवरचे नाव घासायचे आणि फेंडरचा स्टिकर लावून वर वॉर्निश फिरवायचे. बोटाने चाचपले तर स्टिकरची कड लागते, उजेडात तिरके धरले तर तेवढाच भाग निराळा चमकतो. बॉडीची जाडीही मोजावी. फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरची साधारण 45 मिलिमीटर भरते. स्क्वायरची अ‍ॅफिनिटी त्याहून पातळ असते. आणखी एक मोजमाप आहे, त्याला शिंप्याची टेप पुरते. नटपासून बाराव्या फ्रेटपर्यंत फेंडर सुमारे 324 मिलिमीटर भरते, गिब्सन सुमारे 314. हे जुळले म्हणून गिटार खरी ठरत नाही. नाही जुळले तर मात्र पुढचे बोलणे थांबवावे.

यापुढचे सगळे पेचकस लावल्याशिवाय कळत नाही. गिब्सनच्या हेडस्टॉकवर घंटेच्या आकाराचे जे झाकण असते ते दोन स्क्रूंवर बसते. नकलांमध्ये अनेकदा तीन असतात. झाकणाखाली नेकमधल्या ट्रस रॉडला खऱ्या गिब्सनमध्ये पितळेचा षटकोनी नट असतो, नकलेत बहुधा अ‍ॅलन-कीचे भोक. गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलची नेक चिकटवलेली असते, म्हणून गिब्सन म्हणून पुढे केलेल्या लेस पॉलच्या पाठीवर चार स्क्रू दिसले तर चर्चाच नको. स्ट्रॅटचा पिकगार्ड उचलला की पिकअपचे बूड दिसते. फेंडरच्या अमेरिकी गिटारींच्या पिकअपमध्ये बहुधा सहा चुंबकी कांड्याच असतात. स्वस्त पिकअपमध्ये साधे लोखंडी खिळे आणि त्यांच्या बुडाशी चिकटवलेली चुंबकाची सपाट पट्टी. पॉटवर, म्हणजे आवाजाच्या बटणाखालच्या डबीवर, अमेरिकी मालात आकडे कोरलेले असतात. 1376633 असेल तर 137 हा सीटीएस कंपनीचा, पुढे 1966 साल आणि 33 वा आठवडा. इथे एक तर्क आहे जो कुणालाही खोडता येत नाही: गिटार तिच्या मूळ पॉटच्या आधी जन्मू शकत नाही. डबी 1998 ची आणि गिटार 1978 ची म्हणून सांगितली, तर पॉट बदलला आहे किंवा साल खोटे आहे. कुठले ते सोल्डर सांगते. नवे सोल्डर चकाकते, जुने मळकट असते. लाकूडही बोलते. 2 जानेवारी 2017 पासून शिसवाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले आणि त्या वर्षी फेंडरने मेक्सिकन गिटारींवर पाऊ फेरो नावाचे फिकट लाकूड वापरायला घेतले. तयार वाद्यांना सवलत मिळाली ती नोव्हेंबर 2019 मध्ये. म्हणून 2012 ची म्हणून दाखवलेल्या मेक्सिकन स्ट्रॅटवर पाऊ फेरो दिसले तर प्रश्न विचारलाच पाहिजे.

गिटार नकली असल्याचा उलगडा लोकांना बहुधा पैसे दिल्यानंतर, पहिल्यांदा तारा बदलताना होतो. झाकण निघते, आत अ‍ॅलन-कीचे भोक दिसते, आणि माणूस गिटार बाजूला ठेवून विक्रेत्याचे आधीचे बोलणे आठवू लागतो. 'भाऊ, उघडू नका, सेटिंग बिघडेल.' 'बिल मुंबईलाच राहिले.' 'अजून दोन गिऱ्हाइके थांबली आहेत.' तेव्हा साधी वाटलेली ही वाक्ये आता सरळ अर्थाची होतात. विक्रेत्याचे पुढचे वागणेही ठरलेले. आधी फोन उचलत नाही. मग म्हणतो, मलाही अशीच मिळाली. शेवटी म्हणतो, तुम्ही बघूनच घेतली ना? हे तिसरे वाक्य मला सगळ्यात निर्लज्ज वाटते, कारण बघू न देण्याची सारी तजवीज त्यानेच केलेली असते.

यावर आपल्याकडचा आक्षेप असा की ओळखीतल्या माणसासमोर पेचकस काढणे म्हणजे त्याचा अपमान. आमच्या भंडाऱ्यात तर हे ऐकून घ्यायला मी तयार नाही. ही पितळी भांड्यांची पेठ आहे. इथे सख्ख्या पाहुण्याच्या दुकानातही मोड तराजूवर चढते आणि भांडे उलटे करून बूड पाहिले जाते. कुणाला वाईट वाटत नाही. मग हजारोंच्या वाद्याचे बूड पाहिले तर काय बिघडले? अडचण खरी आहे ती वेगळीच. दिवाळीनंतर मंडईच्या जत्रांचा आणि झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम लागतो, ऑर्केस्ट्रावाल्याला वाद्य उद्याच हवे असते, आणि विक्रेत्याला ती घाई बरोबर कळते. अशा वेळी लाखांदूर-साकोलीकडच्या मुलाने साठ-सत्तर रुपयांचा पेचकस घेऊन जावे, नाहीतर गिटार नागपूरच्या एखाद्या जाणत्या दुरुस्तीवाल्याकडे दोघांनी मिळून न्यावी. भंडाऱ्याहून नागपूर साठेक किलोमीटर. खऱ्या मालाच्या मालकाला तेवढे अंतर जड जात नाही. न पाहता टोकन पाठवू नये, हे वेगळे सांगायला नको.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. जुन्या गिटारीत पॉट, पिकअप, ट्यूनर बदललेले असणारच. मग न जुळणारा प्रत्येक भाग म्हणजे फसवणूक कशी? मान्य. एका खुणेवरून निकाल देऊ नये, चार-पाच स्वतंत्र खुणा एकच गोष्ट सांगतात का ते पाहावे. पण बदललेला भाग आधी सांगितला तर ती दुरुस्ती, आणि लपवून अस्सलची किंमत घेतली तर ती लबाडी. 'आवाज चांगला आहे ना, मग नावाशी काय देणेघेणे' असेही म्हणतात. मग नावाचे पैसे का घेतले? आवाजाचे घ्यायचे होते.

तिसरा आक्षेप कायद्याच्या आडून येतो: पाहून घेणे ही घेणाऱ्याची जबाबदारी. 1930 च्या वस्तू विक्री कायद्याच्या कलम 16 मध्ये तसे तत्त्व आहे खरे. पण त्याच्या आधीचे कलम 15 म्हणते की वर्णन करून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे. आणि खोटा ट्रेडमार्क असलेला माल विकणे 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 104 खाली गुन्हा आहे, शिक्षा सहा महिने ते तीन वर्षे. 'मला ठाऊक नव्हते' हा बचाव तिथे आहे, पण तो विक्रेत्याला सिद्ध करावा लागतो. म्हणून वर्णन तोंडी ठेवू नये. कंपनी, मॉडेल, देश, साल, नंबर आणि कोणते भाग बदलले, एवढे त्याच्याच मोबाईलवरून मेसेजमध्ये मागावे, पैसे खात्यावरच द्यावेत आणि पिकगार्डखालचे फोटो त्याच्या देखत काढावेत. 'ओरिजनल आहे' एवढे लिहून घेणे पुरत नाही. कसली ओरिजनल, ते लिहिलेले हवे.